सारख्या सालांचं राज्य

एका राज्यात सालांना नावं असत. पाऊस उदंड झाला, कुरणांत कमरेइतकं पाणी राहिलं आणि त्या पाण्यात सारसांनी घरटी बांधली, तर ते साल सारसांचं. नदी आटली, वाळू उघडी पडली आणि त्या वाळूत कासवांनी अंडी घातली, तर ते साल कासवांचं. रानात वणवा फिरला आणि राखेवर कोवळं गवत आलं, तर ते चितळांचं. एकाचं साल असलं म्हणजे बाकीच्यांनी पोटाला चिमटा घ्यायचा आणि आपल्या पाळीची वाट बघायची, अशी तिथली रीत होती. कुणाला वय विचारलं तर तो सांगे, "मी मरळ माशांच्या सालचा," आणि विचारणारा समजून जाई.

ज्या सालात माणूस जन्मला, त्या सालचं जनावर त्याचं पाठीराखं. ते राज्यात भरभराटलं तर माणूस धडधाकट, ते उणावलं तर माणूसही खंगला. असं का, हे विचारू नये. तिथं तसं होतं.

सालाला नाव देण्याचं काम सालकरणीचं. धोंडाई तिचं नाव. धोंड्याच्या महिन्यात जन्मली म्हणून धोंडाई. पन्नाशी ओलांडलेली, काटक, तोंडाची फटकळ. दर कार्तिकात ती हातात काठी घेऊन राज्याला फेरी घाली. कुणाची पिल्लं किती जगली, कुणाची घरटी रिकामी राहिली, कुणाच्या पायवाटा पुसल्या, हे सगळं डोळ्यांनी पाही. मग दरबारात येई, तीन वेळा काठी आपटी आणि सालाचं नाव सांगे. ते नाव बदलण्याचा अधिकार राजालाही नव्हता.

त्या राज्याचा राजा भानुकेतू. राजा भला, प्रजा सुखी, राणी चित्रावती शहाणी. लग्नानंतर अकरा वर्षांनी राणीला दिवस गेले आणि नेमकी त्या साली वेणुमती नदी फुगली. राणी नदीकाठच्या महालात बाळंत झाली त्याच दिवशी पाणी जिन्याला लागलं. तिनं बाळ दासीच्या हाती देऊन तिला वर चढवलं. दासी वर पोचली, बाळ वर पोचलं आणि जिना कोसळला. चौथ्या दिवशी राणीचा देह दोन कोस खाली, काठाला लागलेला सापडला. राजानं तिथंच तिच्या स्मरणार्थ पांढऱ्या दगडाची छत्री बांधायला घातली आणि तेरा दिवस नदीकडे पाठ करून बसला. त्या साली कुरणं पाण्यानं भरली होती, सारस उदंड झाले होते. धोंडाईनं जड आवाजात ते साल सारसांचं म्हणून सांगितलं. राजकन्या केतकी सारसांच्या सालची ठरली.

चौदाव्या दिवशी दरबारात कालजंघ नावाचा मांत्रिक आला. त्याची सावली त्याच्या पुढून चालत असे. तो म्हणाला, "महाराज, काय हवं?"

"पूर नको."

"पूर काढला की दुष्काळही ओढला जातो. ती एकाच दोरीची दोन टोकं आहेत."

"मग दुष्काळही नको, वणवाही नको. माझ्या मुलीच्या जन्मात काही अधिक नको, काही उणं नको. साठ सालांचा पाऊस एकत्र कर, त्याचे साठ सारखे वाटे घाल आणि दर साली एक वाटा पाड."

"विचार केलात?"

"केला."

"मी मागितलं ते देतो," कालजंघ म्हणाला. "भलंबुरं पाहणं माझ्याकडे नाही. मात्र गाठी तुम्हीच मारायच्या. मागणाऱ्याच्या हातची गाठ टिकते, आणि ती त्याच्याच हातानं सुटते."

त्यानं दुष्काळ एका रांजणात भरला, वणवा चकमकीच्या पेटीत कोंडला, महापूर एका शंखात ओतला. राजानं तिन्हींच्या तोंडांवर काळ्या दोऱ्याच्या तीन गाठी मारल्या. कालजंघानं ते तीन ठेवे तीन ठिकाणी लपवले आणि तो आला तसा गेला. मोबदला त्यानं मागितला नाही, आणि खरं तर तिथंच राजाला संशय यायला हवा होता.

पुढच्या साली पाऊस ठरल्या दिवशी आला, ठरल्याइतका पडला, ठरल्या दिवशी गेला. त्याच्या पुढच्या सालीही तसाच. लोकांनी गुढ्या उभारल्या. ज्योतिष्यांचा धंदा बसला, एवढाच काय तो तोटा. जी गावं पुराला भिऊन टेकाडावर होती ती हळूहळू खाली उतरली आणि नदीच्या अगदी ओटीत जाऊन बसली. पाणी घरापाशी आलं म्हणून बायकांनी राजाला दुवा दिला.

पहिलं सारखं साल धोंडाईनं हरणांचं म्हणून सांगितलं. दुसरं सांगितलं घुशींचं. तिसरंही घुशींचं. चौथंही.

आता घुशीला काय हवं असतं? बिळात पाणी शिरू नये आणि बिळाची माती तडकू नये. पूर आला की घुशी बुडत, दुष्काळ पडला की उपाशी मरत, आणि उरलेल्या आपल्या पाळीची वाट बघत. आता त्यांची पाळी आली ती संपेचना. त्यांनी धान्य खाल्लं, अंडी खाल्ली, झाडांची मुळं कुरतडली. हरणं वाढली तीही थांबेनात. उगवलेलं प्रत्येक रोप त्यांनी वितीएवढं व्हायच्या आत ओरबाडलं. वणवा नाही म्हणून रानात काटेरी झुडूप माजलं, इतकं की चितळाला वाट मिळेना. नदी कधी आटली नाही, म्हणून वाळू उघडी पडली नाही. कासवं अंडी पोटात घेऊन काठाकाठानं फिरली. नदी कधी फुगली नाही, म्हणून कुरणांत पाणी चढलं नाही. मरळ अंडी घालायला जागा शोधत राहिली. कुणीच कुणाला मारलं नव्हतं. पाळीच यायची थांबली होती.

चौथ्या साली धोंडाईनं घुशींचं नाव घेतलं तेव्हा दरबार हसला. मुख्य प्रधान कंबर धरून उठला. तो चितळांच्या सालचा होता आणि दोन वर्षांपासून त्याला सरळ उभं राहता येत नव्हतं. तो म्हणाला, "बाई, तीन सालं एकच नाव? परराज्यांचे वकील बसलेत. काहीतरी शोभेल असं सांगत जा."

धोंडाई एरवी कुणाचं ऐकणारी नव्हती. पण राजानं तिच्याकडे पाहिलं, त्याच्या मांडीवर राजकन्या झोपलेली होती आणि त्याचा चेहरा चार वर्षांत पहिल्यांदा निवांत दिसत होता. तिचं मन विरघळलं. पाचव्या साली तिनं काठी आपटली आणि ते साल मोरांचं म्हणून सांगितलं. मग हंसांचं, मग पारव्यांचं. अशी सात सालं ती दरबारात उभ्यानं खोटं बोलली. एकदा जीभ वळली की वळतच जाते.

केतकी मोठी होऊ लागली आणि राज्यातले सारस कमी होऊ लागले. ती सात वर्षांची झाली तेव्हा ती पळेनाशी झाली. दहाव्या वर्षी चार पावलं चालून धापा टाकू लागली. बाराव्या वर्षी अंथरुणाला खिळली आणि तिचा आवाज पानाच्या सळसळीइतका बारीक झाला. राजवैद्यांनी तीनशे मुळ्या उगाळल्या. राजा तिच्या उशाशी बसून राही आणि म्हणे, "बाहेर सगळं ठीक आहे, बाळ. पाऊस वेळेवर आहे." तेवढंच त्याच्या हातात होतं.

त्या कार्तिकात धोंडाई फेरीला निघाली. उत्तरेच्या कुरणात एक डबकं उरलं होतं, तिथं एक म्हातारी सारसी एकटीच उभी होती. तिचा जोडीदार त्याच उन्हाळ्यात गेला होता. सारसीनं मान वर केली आणि विचारलं, "बाई, यंदाचं साल कुणाचं सांगणार?"

"कोकिळांचं सांगेन म्हणते."

"कोकिळा पाहिल्यास?"

धोंडाईनं काठी चिखलात टोचली.

"मी या राज्यातली शेवटची सारसी आहे," पक्षीण म्हणाली. "माझा महिना उरला आहे. माझा प्राण गेला की तुमची राजकन्या जाईल. तीन ठेवे कुठे लपवले ते मी वरून उडताना पाहिलं आहे. राजाला घेऊन ये."

धोंडाईनं फेरी अर्धी टाकली आणि ती तडक दरबारात आली. तिनं काठी आपटली नाही, जमिनीवर आडवी ठेवली. "महाराज, तुमच्या गाठी तीन आहेत, माझी खोटी सालं सात आहेत. मोर, हंस, पारवे सगळं थोतांड. बाराही सालांत पहिलं सोडलं तर बाकीची घुशींची होती." दरबारात गलका झाला. ज्यांची मुलं त्या सालांत जन्मली होती त्या आया हातवारे करू लागल्या. मोराचं लेकरू उभ्याउभ्या घुशीचं झालेलं कुणाला आवडेल? मात्र ती मुलं एवढी गुबगुबीत का आणि सारखी कोठाराकडे का पळतात, ते कोडं त्यांना उलगडलं.

मग धोंडाईनं सारसीचा निरोप सांगितला.  राजा म्हणाला, "जिला जपायला गाठी मारल्या, तिच्याच गळ्याला त्या बसल्या म्हणायच्या."

"होय, महाराज."

राजा उठला, मुकुट उतरवून सिंहासनावर ठेवला, लेकीच्या कपाळावर हात ठेवला आणि धोंडाईबरोबर निघाला. सारसी पुढे उडत होती, थकली की उतरून चालत होती.

पहिला ठेवा उघड्या टेकडीवर. रांजणाशेजारी एक कासव बसलं होतं, पाठीवर तीनशे वर्षांचं शेवाळ. कासव म्हणालं, "ज्याला तहान ठाऊक नाही, त्याच्या हाताला ही गाठ लागत नाही. तीन दिवस पाण्याविना बस."

राजा बसला. धोंडाई जवळच बसून तांब्यातून घोट घेत राहिली. राजानं पाहिलं तेव्हा म्हणाली, "मला रांजण उघडायचा नाही." तिसऱ्या दिवशी राजाची जीभ टाळूला चिकटली, डोळ्यांपुढे वेणुमती वाहू लागली आणि बारा वर्षांत पहिल्यांदा त्यानं नदीकडे तोंड करून पाहिलं. मग त्यानं गाठीला हात घातला आणि ती सुटली.

रांजणातून कोरडा वारा निघाला. सात दिवस तो राज्यावरून फिरला. विहिरी तळाला गेल्या, जमीन तडकली, बिळं ढासळली आणि घुशी रांगा लावून सीमेपलीकडे गेल्या. शेजारच्या राजानं त्याबद्दल पुढे रागाचा खलिता पाठवला. घुशी संपल्या नाहीत; आपल्या वाट्यापुरत्या राहिल्या आणि ती गुबगुबीत पोरंही धट्टीकट्टी राहिली. पण निम्मी हरणं गवतावाचून पडली. राजा वाटेनं त्यांची कलेवरं पाहत चालला आणि रडला. धोंडाईनं त्याला रडू दिलं. नदीत वाळूचे दांडे वर आले तेव्हा टेकडीवरचं कासव उतरलं आणि वाळूकडे चालू लागलं.

दुसरा ठेवा रानाच्या पोटात. काटेरी झुडपांतून कपडे फाटत, अंग ओरबाडत दोघं पोचली. चकमकीच्या पेटीवर एक अस्वल झोपलं होतं. ते एक डोळा उघडून म्हणालं, "पेटी न्या. पण पहिली ठिणगी दुसऱ्याच्या रानात टाकायची नाही. आपल्या रानात टाकायची."

राजाचं आपलं रान म्हणजे आजोबांनी राखलेलं शिकारीचं बन. तिथं सामान्य माणसाला काडी वेचायलाही बंदी होती. राजा म्हणाला, "ते माझ्या आजोबांचं आहे."

"आजोबांनी राखलं तेव्हा त्यात चितळं होती," धोंडाई म्हणाली. "आता आतमध्ये काय आहे ते बघून या."

राजा बनात गेला आणि परत आला. आत काटेच होते. त्यानं गावांभोवती गवत साफ करून मोकळे पट्टे पाडायला लावले, लोकांना गुरांसह हलवलं, मग गाठ सोडली आणि स्वतःच्या हातानं चकमक झाडली. तीन दिवस रान जळलं. चौथ्या दिवशी राखेतून हिरवे कोंब आले, सहाव्या दिवशी डोंगरापलीकडून चितळं आली. त्याच दिवशी राजधानीत मुख्य प्रधानाची कंबर सरळ झाली. तो ताठ उभा राहिला आणि मग कुठे त्याला धोंडाईचं सगळं म्हणणं पटलं.

राहिला शंख. महिन्यातले पाच दिवस उरले होते. सारसीला आता उडता येत नव्हतं. धोंडाईनं तिला काखेत धरलं होतं. सारसी म्हणाली, "शंख छत्रीच्या फरशीखाली आहे."

राजा थांबला. छत्री काठावर होती. पूर आला तर पहिली तीच जाणार होती. तिच्या पायरीवर तो रोज नदीकडे पाठ करून एक फूल ठेवत असे, आणि या वाटेला लागेपर्यंत बारा वर्षांत त्याचा तेवढाच एक नेम चुकला नव्हता. तो म्हणाला, "दोन सोडल्या. ही एक राहू दे."

"दोन सुटल्या आणि एक राहिली तर नुसता दुष्काळ आणि नुसता वणवा उरेल," सारसी म्हणाली. "तसं राज्य एक सालही टिकणार नाही."

"ज्या पाण्यानं तिला नेलं ते मी माझ्या हातानं सोडू?"

"तुमच्याच," धोंडाई म्हणाली. "दुसऱ्या कुणाच्या हातानं ते सुटत नाही." मग तिचा आवाज खाली आला. "महाराज, राणीसाहेबांनी बाळ वर दिलं आणि त्या खाली राहिल्या. दगड वाचवायला नाही राहिल्या. ज्याला वाचवायला राहिल्या, ते तिकडे अंथरुणावर आहे."

राजा पायरीवर बसला. त्यानं फरशीवर तळहात टेकला आणि तो तसाच बसून राहिला. नंतर उठून म्हणाला, "नदीच्या ओटीत बसलेली गावं आधी वर चढली पाहिजेत. मला तीन दिवस द्या."

तीन दिवस दवंड्या फिरल्या. लोक कुरकुरले, दोन ठिकाणी भांडणं झाली, एक म्हातारा चुलीपाशी बसून हटेना तेव्हा राजानं त्याला स्वतः खांद्यावर घेतलं. चूल मागाहून प्रधानानं उचलली. माणसं, गुरं, कोंबड्या, पाळणे, सगळं टेकाडावर गेलं. चौथ्या दिवशी सकाळी राजानं फरशी काढली, शंख उचलला आणि गाठ सोडली.

आधी नुसता आवाज आला. मग पाणी आलं. राजा धावत टेकाडावर चढला आणि तिथून त्यानं पाहिलं. वेणुमतीनं काठ सोडले, बारा वर्षांचा गाळ उचलला, कुरणांवर पसरली, डबक्यांना डबकी जोडली. छत्रीचा कळस थोडा वेळ पाण्यावर दिसला आणि मग दिसेनासा झाला. राजानं डोळे मिटले नाहीत.

धोंडाईनं सारसीला उथळ पाण्यात उभं केलं. सारसीनं चोच आभाळाकडे करून हाक मारली. पहिल्या हाकेला उत्तर आलं नाही. दुसऱ्या हाकेला आलं नाही. तिसऱ्या हाकेला फार लांबून एक आवाज आला, मग दुसरा, मग पुष्कळ. चार राज्यांतले सारस नव्या पाण्यावर उतरले. पाखराला पाण्याची वाट कुणी सांगावी लागत नाही. त्यांतला एक म्हातारा नर सारसीसमोर येऊन उभा राहिला आणि त्यानं पंख उघडून नाच सुरू केला. सारसी म्हणाली, "माझं वय बघा तरी," आणि तीही नाचली.

महालात केतकी उठून बसली. तिनं मोठ्यानं जेवण मागितलं आणि दासीच्या हातातलं ताट पडलं.

धोंडाईनं पुन्हा खोटं साल सांगितलं नाही. लोकांनी टेकाडावरच घरं बांधली आणि नदीची ओटी नदीला सोडली. मुख्य प्रधान दर कार्तिकात तिच्याबरोबर फेरीला चालू लागला. त्याला हौस होती असं नाही, राजाचा हुकूम होता. कालजंघ त्या राज्यात पुन्हा दिसला नाही, कुणी त्याला बोलावलंच नाही.

पुराच्या पाचव्या दिवशी केतकी आपल्या पायांनी चालत राजाकडे आली. म्हणाली, "आबासाहेब, ज्या पाण्यानं आईसाहेबांना नेलं ते मला दाखवा."

राजानं नाही म्हटलं. ती तिथंच उभी राहिली. मग त्यानं तिचा हात धरला आणि दोघं टेकाड उतरून पाण्याच्या कडेपर्यंत गेली. पाणी लाल होतं, भोवरे फिरत होते, एक अख्खं झाड मुळांसह वाहत गेलं. केतकी पाण्याकडे पाहत राहिली.

"आबासाहेब, तुम्ही माझा हात फार घट्ट धरलाय."

"असू दे," राजा म्हणाला. "तुझा हात मी सोडणार नाही."

तिचं डोळे भरून पाहून होईपर्यंत तो उभा राहिला. पुढच्या साली पाऊस उणा पडला, त्याच्या पुढच्या साली अधिक पडला, आणि ते राज्य नांदत राहिलं.